गूगल बिझनेस प्रोफाइल: घरी प्राणी सांभाळणाऱ्यांसाठी किती कामाचं?

कुत्रा किंवा मांजर चार दिवस दुसऱ्याकडे ठेवायची वेळ आली की माणूस आधी ओळखीत विचारतो, मग नेहमीच्या डॉक्टरांना विचारतो, आणि दोन्हीकडून काही हाती लागलं नाही की फोन काढून ‘डॉग बोर्डिंग निअर मी’ असं टाइप करतो. समोर नकाशा येतो आणि खाली तीन-चार नावं. त्यातल्या एका नावावर बोट टेकवल्यावर उघडतं ते पान म्हणजे त्या सिटरचं, म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्याचं, गूगल बिझनेस प्रोफाइल. ते बनवायला पैसे लागत नाहीत, मिळालेल्या कामावर कोणी कमिशन कापत नाही, वेबसाइट नसली तरी चालतं. राहत्या घरात दोन-तीन प्राणी सांभाळणाऱ्या माणसासाठी सध्या भारतात यापेक्षा उपयोगी फुकट साधन नाही. पाचपैकी चार तारे. पाचवा तारा कापण्याची कारणं ठोस आहेत, ती पुढे येतील.

साधन चांगलं असूनही बहुतेक सिटरांची पानं वाया जातात. ‘आम्हाला प्राणी खूप आवडतात, तुमच्या बाळाची घरच्यासारखी काळजी घेऊ’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पानावर असतं, आणि प्राण्याच्या पालकाच्या मनात तो प्रश्न नसतोच. त्याच्या मनात वेगळंच चाललेलं असतं. रात्री घरात कोण असतं? बाल्कनीला जाळी आहे का? माझ्या बीगलबरोबर आणखी किती कुत्रे असतील? मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या तर कुठे नेणार? ज्या पानावर या प्रश्नांची उत्तरं फोन करण्याआधी मिळतात, तिथूनच बुकिंग होतं. या उत्तरांसाठी गूगलच्या पानावर जागा भरपूर आहे, फक्त ती कुठे आहे हे शोधावं लागतं.

नाव, प्रकार आणि पत्ता

जून २०१४ मध्ये हे ‘गूगल माय बिझनेस’ म्हणून सुरू झालं, नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं. स्वतंत्र अ‍ॅप आता नाही. ज्या जीमेल खात्यावरून पान बनवलं त्याच खात्याने गूगलवर आपलं नाव शोधलं की संपादनाची बटणं तिथेच दिसतात. यूट्यूबवरचे जुने मराठी-हिंदी व्हिडिओ बघून अ‍ॅप शोधत बसू नका.

नावाच्या रकान्यात लोक घेतात तेवढंच नाव लिहा. ‘बेस्ट डॉग बोर्डिंग कोथरूड केज-फ्री’ असं शेपूट जोडलं की शोधात वर येऊ, असा समज आहे. गूगलच्या नियमात ते बसत नाही. कोणी तक्रार केली की पान निलंबित होऊ शकतं, आणि अपील करून ते परत मिळेपर्यंत दिवाळीचा हंगाम निघून जातो. शोधात येण्यासाठी ‘प्रकार’ हा वेगळा रकाना आहे. एक मुख्य आणि नऊ जास्तीचे प्रकार देता येतात. इथे फार जण चुकतात: घरी कुत्रे ठेवून घेत असाल तर मुख्य प्रकार ‘पेट बोर्डिंग सर्व्हिस’, पालकाच्या घरी जाऊन सांभाळत असाल तर ‘पेट सिटर’, फक्त फिरवायला नेत असाल तर ‘डॉग वॉकर’. ज्यातून जास्त काम हवं तो मुख्य, उरलेले खाली. करत नसलेलं ग्रूमिंग किंवा ट्रेनिंग यादीत टाकलं की नको ते फोन येतात आणि खरं काम करणाऱ्याचा वेळ त्यांना नाही म्हणण्यात जातो.

घरचा पत्ता लपवायचा पर्याय आहे, आणि घरून काम करणाऱ्याने, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बाईने, तो वापरावाच. त्याऐवजी सेवेचे भाग द्यायचे: परिसराच्या नावाने किंवा पिनकोडने, जास्तीत जास्त वीस. वीस भाग टाकले म्हणजे वीस ठिकाणी वर दिसू, असं मात्र होत नाही. शोधातला क्रम सुसंगती, अंतर आणि ठळकपणा या तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल स्वतः सांगतं. वर यायला पैसे भरता येत नाहीत. त्यामुळे पुण्यात कोथरूडच्या सिटरने शहराच्या दुसऱ्या टोकाचं विमाननगर यादीत टाकण्यात हशील नाही. मांजराला रोज दोनदा भेट द्यायची तर लक्ष्मी रोडची रहदारी पार करून जाणं परवडणारही नाही. पाच-सहा भाग पुरेत.

नंबर वेगळ्या सिमचा द्या. वेळेच्या रकान्यात ‘२४ तास’ टाकू नका. कुत्रा तुमच्याकडे चोवीस तास असतो हे खरं, पण वेळ वाचणारा माणूस फोनची आणि आणण्या-नेण्याची वेळ समजतो. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ असं लिहिलं की रात्री साडेअकराला दारात उभं राहणारं कोणी येत नाही.

मग येते पडताळणी, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. घरगुती सेवेला गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. तो एकसलग, न कापलेला हवा आणि त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: जागा, धंद्याचं सामान आणि त्या धंद्यावर तुमचा ताबा. रस्त्याच्या नावाच्या पाटीपासून सुरुवात करा, इमारतीपर्यंत चाला, किल्लीने आपलं दार उघडा, आत पट्टे आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) टांगलेली खुंटी, वाट्या, बिछाने, लिटरचा (मांजराच्या शी-शूच्या मातीचा) ट्रे दाखवा, शेवटी व्हिजिटिंग कार्ड किंवा बिलबुकावरचं नाव. दीड-दोन मिनिटांत होतं. वाटेत शेजाऱ्यांचे चेहरे, आधार किंवा बँकेचा क्रमांक कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. निकालाला पाच कामकाजी दिवसांपर्यंत लागतात. नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण एकच: व्हिडिओ घराच्या आतच सुरू होतो आणि आतच संपतो, त्यामुळे जागा कुठली हे कळत नाही. पडताळणी झाल्यावर नाव किंवा पत्ता बदलला तर ती पुन्हा मागितली जाऊ शकते, म्हणून हे दोन्ही आधीच पक्कं करा.

साडेसातशे अक्षरांत काय लिहायचं

वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठी मजकुराला ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते. लिंक चालत नाही. ‘या महिन्यात २० टक्के सूट’ असल्या जाहिरातीलाही तिथे मनाई आहे. पानावर आधी पहिल्या ओळीच दिसतात, पुढचं वाचायला टिचकी मारावी लागते, म्हणून जागा आणि काम हे पहिल्याच वाक्यात. भरलेलं वर्णन साधारण असं दिसावं:

‘कोथरूडला राहत्या घरी कुत्र्यांचं बोर्डिंग. कर्वेनगर, बावधन, एरंडवणे भागात मांजरांसाठी घरभेटी. एका वेळी जास्तीत जास्त ३ कुत्रे, पिंजरा नाही. रात्री घरात दोन मोठी माणसं असतात. कुत्रे ३ तासांपेक्षा जास्त एकटे राहत नाहीत. तिसरा मजला, बाल्कनीला जाळी, मुख्य दाराच्या आत जाळीचं दुसरं दार. दिवसातून ३ वेळा फिरणं, कायम हार्नेस आणि पट्ट्यात. रेबीज आणि मल्टी लस चालू वर्षाची हवी, गोचिडाचं औषध आधी दिलेलं हवं. माजावर आलेली मादी घेत नाही. गोळ्या आणि डोळ्यांचे थेंब देतो, इन्सुलिन नाही. घरात मांसाहार शिजतो. आधी एक भेट आवश्यक.’

यात प्रेमाचा एक शब्द नाही, पण वाचणारा पालक निश्चिंत होतो. प्रत्येक तुकड्यामागे कारण आहे. ‘३ कुत्रे’ म्हटलं की गर्दीची शंका मिटते. ‘जाळीचं दुसरं दार’ त्या पालकाला लगेच समजतं ज्याचा कुत्रा कधीतरी दूधवाल्याच्या पायामधून निसटलेला असतो. नव्या घरात पहिले दोन दिवस कुत्रा परतीचीच वाट शोधत असतो, आणि सिटरच्या घरून पळालेला कुत्रा तो परिसर ओळखत नाही, त्यामुळे सापडणं अवघड होतं. ‘३ तासांपेक्षा जास्त एकटे नाहीत’ ही ओळ नोकरी करणाऱ्या सिटरला लिहिता येणार नाही. तिने ते लपवू नये, ‘सकाळी ९ ते दुपारी २ घरात सासूबाई असतात’ असं असेल ते लिहावं.

इन्सुलिनचा नकार छापून ठेवणं काहींना धंदा घालवल्यासारखं वाटतं. पण मधुमेही प्राण्याला इंजेक्शन साधारण बारा-बारा तासांनी ठरल्या वेळीच लागतं आणि डोस दुप्पट झाला तर जिवावर बेतू शकतं. जे येत नाही ते स्पष्ट लिहिणाऱ्यावर पालक बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवतो.

मांसाहाराची ओळ आपल्याकडे हवीच. उकडलेलं चिकन आणि भात यावर वाढलेला लॅब्रेडॉर शाकाहारी घरात चार दिवस दही-पोळीवर राहिला की पोट बिघडतं, आणि उलट्या बाजूने, आपल्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा न चालणाऱ्या सिटरवर श्रावणात चिकन शिजवायची वेळ येते. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. ‘आमच्याकडे शाकाहारच शिजतो, बंद पाकिटातलं वेट फूड चालेल’ एवढं लिहिलं की तो प्रसंगच येत नाही. सिटर शाकाहारी आहे हे कळल्यावर काही जण फोन करणार नाहीत, पण जे करतील ते सगळं ठाऊक असून करतील.

लसीची अट लिहिताना ‘लसीकरण झालेलं हवं’ एवढं मोघम पुरत नाही. पिल्लांना मल्टी लस (अनेक आजारांवरची एकत्रित लस) सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, पुढे दरवर्षी. ‘पहिला डोस झालाय’ म्हणून अडीच महिन्यांचं पिल्लू कोणी घेऊन आलं तर ते अजून पूर्ण सुरक्षित नसतं. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे आधी येऊन गेलेला आजारी कुत्रा नंतरच्या पिल्लाला मारू शकतो. ‘सर्व डोस पूर्ण होऊन दोन आठवडे झालेले पिल्लूच घेतो’ ही ओळ पानावर असणं हे दोन्ही बाजूंच्या भल्याचं आहे.

फोटो

पानावर सगळ्यात जास्त पाहिले जातात ते फोटोच, आणि इथे तांत्रिक भाग सोपा आहे: जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी, किमान ७२० बाय ७२० ठेवा. व्हिडिओ ३० सेकंदांपर्यंत, ७५ एमबीच्या आत. फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने सकाळी नऊच्या आत खिडकीजवळ काढलेला फोटो पुरतो. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात. उभं राहून वरून काढू नका, जमिनीवर बसून प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. काळ्या कुत्र्याचा फोटो नुसता काळा गोळा येतो, तेव्हा स्क्रीनवर कुत्र्यावर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवायचा.

अवघड भाग पुढे आहे. कुत्रं पाळणारा माणूस फोटोत आधी कुत्र्याकडे बघतो, सिटरच्या हसण्याकडे नंतर. कान मागे चिकटलेले, शेपूट पायांत, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसतेय, जीभ नाकाकडे वळलेली: हे घाबरलेल्या कुत्र्याचं अंग आहे. सिटर मात्र त्याच्या गळ्यात हात टाकून गोड हसतेय. हा फोटो तिला पानावरचा सर्वांत सुंदर वाटतो आणि जाणत्या पालकाला तो बघून पुढच्या नावाकडे जावंसं वाटतं. मिठी बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, अनोळखी माणसाची तर नाहीच. त्याऐवजी कुशीवर पसरून झोपलेला, पाय सैल सोडलेला, तोंड किंचित उघडं असलेला कुत्रा दाखवा. परक्या घरात असा झोपलेला कुत्रा पाहिला की पालकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मांजराचं तेच: पलंगाखालून डोळे वटारून बघणारं मांजर नको, पाय पोटाखाली घेऊन खिडकीत बसलेलं, डोळे अर्धे मिटलेलं हवं. फिरतानाचा सैल पट्ट्यातला एक फोटो ठेवा. पट्टा ताणलेला दिसला की कुत्रा सांभाळता येत नाही, असं वाटतं.

मग जागेचे फोटो. हे जवळपास कोणी टाकत नाही आणि भीती तर यांनीच जाते. झोपायची जागा, पाण्याची वाटी कुठे असते ती जागा, दार आणि बाल्कनी. बाल्कनीच्या जाळीचा फोटो जवळून घ्या, जाळी आणि कठड्याच्या मधली फट दिसेल असा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आणि मांजर अडवणारी जाळी यांत फरक असतो. कबुतरांची जाळी खालच्या कडेला सैल असते, मांजर तिथे डोकं घालून बघतं, आणि एकदा डोकं गेलं की अंग जातं. खालची कड हुकांनी घट्ट आवळलेली दिसली तर मांजरवाला पालक तो फोटो मोठा करून बघेल आणि फोन करेल.

फोटोत काय येता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं. दारावरची नावाची पाटी, सोसायटीचं नाव लिहिलेलं फाटक, किल्ल्यांचा जुडगा, गळ्यातल्या बिल्ल्यावर कोरलेला मालकाचा फोन नंबर. पालक गणपतीला कोकणात गेलेले असताना त्यांच्या घरातला मांजराचा फोटो त्याच दिवशी टाकणं म्हणजे घर रिकामं आहे असं जाहीर करणं. ते परत आल्यावर, त्यांची लेखी परवानगी घेऊन टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, टाका’ पुरतं, पण ते असायला हवं. इंटरनेटवरून उचललेले गोल्डन रिट्रीव्हरचे चकाचक फोटो तर अजिबात नकोत. उलट चंद्रपुरी उन्हाने तांबूस झालेली आपली साधी इंडी, म्हणजे देशी कुत्री, अंगणात लोळतेय, हा फोटो जास्त विश्वास देतो.

एकूण दहा-बारा फोटो पुरेत, आणि महिन्याला एक नवा. ग्राहकांनी टाकलेले फोटो तुम्हाला काढता येत नाहीत, फक्त तक्रार करता येते.

दर आणि सेवा

दराचा रकाना ‘सेवा’ या भागात आहे. प्रत्येक सेवेला नाव, किंमत आणि ३०० अक्षरांचं वर्णन देता येतं. शब्द लोक शोधतात तेच ठेवा: ‘डॉग बोर्डिंग, रात्रीसह’, ‘डॉग डे केअर’, ‘मांजरासाठी घरभेट, ४५ मिनिटं’. ‘श्वान निवास’ असं कोणी टाइप करत नाही.

दर न लिहिणारे बरेच आहेत. ‘दरासाठी फोन करा’ वाचल्यावर समोरच्याला वाटतं की आपली गाडी बघून दर ठरणार. किमान ‘पासून’ लावून आकडा द्या आणि त्या ३०० अक्षरांत ‘दिवस’ म्हणजे काय ते लिहा, कारण भांडणं दरावरून कमी आणि मोजणीवरून जास्त होतात. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला आलेला कुत्रा रविवारी रात्री ९ ला गेला, तर ते दोन दिवस की तीन? ‘२४ तासांचा एक दिवस, त्यापुढे ४ तासांपर्यंत अर्ध्या दिवसाचा दर, नंतर पूर्ण’ एवढं लिहिलेलं असलं की वरच्या हिशोबात दोन दिवस आणि अर्धा हे दोघांनाही आधीच माहीत असतं. सणाचा वाढीव दर असेल तर तारखांसकट लिहा. औषध देण्याचे, आणण्या-नेण्याचे पैसे वेगळे असतील तर तेही. डॉक्टरांचा खर्च पालकाचा, पण तातडीत किती रकमेपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करायचा हे भेटीतच ठरवून घ्या आणि तसं ठरवून घेता हे सेवेच्या वर्णनात येऊ द्या.

मांजरांच्या घरभेटीत काय करता ते नेमकं लिहिलं तर तुम्ही गर्दीतून वेगळे दिसता. ‘खाणं, पाणी, लिटर साफ, दर भेटीला फोटो’ हे सगळेच लिहितात. ‘लिटरमध्ये शू किती वेळा झाली ते रोज कळवतो’ हे वाचून मांजर ओळखणारा माणूस थांबतो. बोका शूला बसून बसून कळा देतोय आणि लिटर कोरडं आहे, तर ती तातडीची वेळ असते, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होतो, विशेषतः लठ्ठ मांजराच्या. ‘रुसलंय, खाईल उद्या’ असं म्हणून सोडणारा सिटर आणि हे जाणणारा सिटर यांत पालकाला एका ओळीत फरक कळतो.

‘अपडेट’ नावाचा भाग बहुतेकांनी ‘हॅपी दिवाळी’च्या रंगीत चित्रांनी भरलेला असतो. तिथे १५०० अक्षरं मावतात, आणि सिटरची खरी जाण दाखवायची तीच जागा आहे. एक अपडेट फरशी कशाने पुसता यावर लिहा. काळं फिनाईल कोलटारपासून बनतं, पांढरं पाइनच्या तेलापासून, आणि मांजराच्या यकृताला दोन्ही नीट पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. शिवाय पार्व्हो फिनाईलने हमखास मरतो असंही नाही. आधी घाण धुऊन मग ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून नंतर साध्या पाण्याने पुसणं, हे काम करतं. दुसरी अपडेट एप्रिल-मेमधल्या फिरण्याच्या वेळांची: सकाळी आठच्या आत, संध्याकाळी डांबर निवल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्यालाही चालवू नये. तिसरी फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या कधी बंद होतात आणि संध्याकाळचं फिरणं किती वाजता उरकता त्याची. पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची), गोचिडाची. वर्षभरात सात-आठ अपडेट झाल्या की पान जिवंत वाटतं.

अभिप्राय

अभिप्राय मागायची योग्य वेळ म्हणजे प्राणी घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी मागितला तर पालक सामान सोडवत असतो, आठवड्याने मागितला तर विसरलेला असतो. कुत्रा घरी जाऊन नीट जेवला, नीट झोपला की मन भरलेलं असतं. गूगल आपल्या पानाची अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर देतं, ती पाठवताना ‘पाच तारे द्या’ म्हणू नका. ‘किती दिवस होता, कुठल्या जातीचा, काय विशेष काळजी लागली ते लिहिलंत तर दुसऱ्या पालकांना उपयोग होईल’ असं लिहा. ‘नाइस सर्व्हिस’पेक्षा ‘अकरा वर्षांची लॅब, सांधेदुखीच्या गोळ्या, सहा दिवस, लिफ्टनेच नेत होते’ हा अभिप्राय कितीतरी जास्त वजनाचा असतो.

अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा फुकट डे केअर देणं नियमाविरुद्ध आहे. खूश असलेल्यांनाच निवडून लिंक पाठवणंही तसंच. मावशी-आत्यांचे वीस अभिप्राय एका दिवसात टाकले तर ते उडतात आणि कधी पानही अडचणीत येतं. नवीन असाल तर पूर्वी शेजाऱ्यांचा कुत्रा खरोखर सांभाळला असेल त्यांनाच विचारा, दोन-तीनच मिळतील, पण खरे असतील.

वाईट अभिप्राय येतोच. त्यावर ‘तुमचाच कुत्रा आक्रमक होता’ असं उत्तर दिलं की वाचणारा प्रत्येक जण आपल्या कुत्र्याबद्दल उद्या हेच लिहिलं जाईल असं समजतो. उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या वाचणाऱ्यासाठी लिहायचं: ‘पायाला ओरखडा आला हे खरं आहे. शनिवारी संध्याकाळी फिरताना तारेला घासला, अर्ध्या तासात तुम्हाला फोटो पाठवला आणि डॉक्टरांना दाखवलं. त्या गल्लीतून आता कुत्र्यांना नेत नाही.’ काय झालं, काय केलं, काय बदललं. चार ओळी, एका दिवसात.

पाचवा तारा का कापला

सिटरच्या कामाची रचनाच गूगलच्या पानाला ठाऊक नाही. २०११ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या रोव्हर या सिटर शोधायच्या संकेतस्थळावर घराचा प्रकार, अंगणाला कुंपण, घरातली मुलं, किती वजनापर्यंतचे कुत्रे घेता, एका वेळी किती, यांसाठी वेगळे रकाने आणि मोकळ्या तारखांचं कॅलेंडर असतं. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी सिटरांनी तिथेच पान बनवावं, तिथे हे सगळं तयार मिळतं, बदल्यात संस्था कमाईतला वाटा कापते. रोव्हर भारतात नाही. इथे गूगलवर हे सगळं वर्णनात कोंबावं लागतं. कॅलेंडर नाही, त्यामुळे दिवाळीच्या जागा संपल्या तरी फोन येत राहतात. ‘विशेष वेळा’मध्ये तारखा बंद करता येतात, पण त्यातून ‘जागा भरल्या’ असा अर्थ निघत नाही. अपडेटमध्ये लिहावं लागतं.

दुसरी उणीव पालकांच्या बाजूची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. पडताळणी झाली म्हणजे त्या पत्त्यावर धंदा आहे एवढंच. सिटरचं चारित्र्य, कौशल्य, घराची सुरक्षितता यांतलं काहीही कोणी तपासलेलं नसतं. म्हणून प्रामाणिक सिटरने ‘आधी भेट आवश्यक’ ही ओळ ठेवावीच आणि पालकांनी ती नसलेल्या पानाला फोन करू नये.

तिसरी उणीव म्हणजे संवाद. पानातली चॅटची सोय गूगलने ३१ जुलै २०२४ ला बंद केली, मोफत वेबसाइट त्याआधीच मार्चमध्ये गेल्या. त्यामुळे पानावर तोच नंबर ठेवा ज्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे. इन्स्टाग्रामची लिंक सोशल प्रोफाइलच्या रकान्यात द्या. वेबसाइटचा रकाना त्यासाठी नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हा या पानाचा उरलेला अर्धा भाग समजा. पहिल्यांदा संदेश करणाऱ्याला, किंवा चौदा दिवस संवाद नसलेल्याला, स्वागताचा संदेश आपोआप जातो. त्यात ‘नमस्कार, लवकरच संपर्क करू’ असं नुसतं न ठेवता सरळ विचारा: प्राण्याचं नाव, जात, वय, वजन, नसबंदी झाली आहे का, तारखा, शेवटच्या रेबीज लसीची तारीख, लसीच्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो, याआधी कधी बाहेर राहिलाय का, चावल्याचा प्रसंग आहे का. ‘चावल्याचा प्रसंग’ विचारायला संकोच वाटतो, पण ठरलेल्या संदेशात असला की कोणाला टोचत नाही आणि बरेच जण खरं सांगतात. तयार उत्तरं पन्नासपर्यंत साठवता येतात, तिरपी रेघ टाकून शब्द लिहिला की येतात. ‘/सामान’ लिहिलं की यादी जावी: नेहमीचं खाणं दिवसांप्रमाणे पुड्या करून, अंगावर वापरलेली न धुतलेली चादर, हार्नेस, औषधं चिठ्ठीसकट, डॉक्टरांचा नंबर. न धुतलेल्या चादरीला घराचा वास असतो, पहिल्या रात्री कुत्रा तिच्यावर झोपतो.

दर महिन्याला पानाचा अहवाल उघडा. लोक कुठले शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. ‘कॅट बोर्डिंग’ वारंवार दिसत असेल आणि तुम्ही मांजरांना घरी ठेवत नसाल, तर घरभेटीच्या सेवेच्या पहिल्या ओळीत लिहा: मांजर आपल्याच घरी राहील, आम्ही येऊ.